धावपळीतलं शिकणं
नर्सिंगचं पहिलं वर्ष नुसतं धावपळीत जातं, शिकायला वेळच मिळत नाही, हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटतं. धावपळ होतीच, सकाळी वॉर्ड, दुपारी लेक्चर, रात्री जर्नल. पण शिकले ते त्या गडबडीतच. कुणी श्वास मोजतंय हे पेशंटला कळलं की त्याची लय बदलते, म्हणून नाडीवरची बोटं न काढता छातीकडे बघत पूर्ण 60 सेकंद मोजायचं, ही युक्ती वॉर्डातल्या सिस्टरांची. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांची कूस दर 2 तासांनी का बदलायची, हे माकडहाडापाशी दाबूनही न जाणारी लाली, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची सुरुवात, दिसल्यावरच डोक्यात शिरलं. (जर्नलच्या आकृत्या मात्र आजही नकोशा!) आजोबा शेवटी नावाने हाक मारायला लागले, तेव्हा फार भारी वाटलं.