जगबुडीची वाट पाहिलेली रात्र : तुमच्या घरी काय घडले?

आपल्या खेड्यांनी जगबुडीची वाट खरोखर पाहिलेली आहे. ३ ते ५ फेब्रुवारी १९६२ या दिवसांत सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू मकर राशीत एकत्र आले, तेव्हा अष्टग्रहीची धास्ती देशभर पसरली होती. जुलै १९७९मध्ये अमेरिकेची सुमारे ७७ टनांची स्कायलॅब ही अंतराळ प्रयोगशाळा कोसळणार म्हणून लोक घाबरले, आणि २१ डिसेंबर २०१२ला मध्य अमेरिकेतल्या प्राचीन माया लोकांच्या दिनदर्शिकेचे निमित्त झाले. ‘जग बुडणार असेल तर काय कराल’ असे विचारले की माणसे शोभेची उत्तरे देतात. म्हणून ज्यांच्या घरी ते खरे मानले गेले, त्यांनी शेवटच्या तासांत प्रत्यक्ष काय केले तेवढेच लिहावे.

निवृत्त शिक्षक, दर्यापूर तालुका

११ जुलै १९७९ला मी सहावीत होतो. गुरुपौर्णिमा दोनच दिवसांपूर्वी झालेली होती आणि कपाशी नुकतीच उगवून वर आली होती. शेजारच्या घरी नवसाचा बोकड कापला गेला, नवस कशाचा होता याची चौकशी कोणी केली नाही. माझ्या वडिलांचा या बातमीवर विश्वास होता की नव्हता हे मला आजही सांगता येणार नाही. मात्र दिवेलागणीला त्यांनी गोठ्यातल्या सगळ्या गुरांची दावी सोडली, कारण बांधलेले जनावर जळाले तर ते पाप आपल्या माथी येते, असे ते म्हणाले. त्यांचे पाहून अख्ख्या गल्लीने गुरे सोडली. आजी तेवढी शांत होती. ‘जग बुडन तवा बुडन, पयले ढोराइले पानी पाजा,’ असे म्हणत तिने टाके भरायला लावले. आम्ही पोरे अंगणात बाजेवर आकाशाकडे पाहत पडलो आणि झोपलो. आपल्या घड्याळाप्रमाणे रात्री दहाच्या सुमारास ते धूड हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले, तोवर आमच्या बैलांनी दुसऱ्याची कपाशी साफ केली होती. सकाळी दोन बैल कोंडवाड्यात सापडले. दंड वडिलांनी भरला, पण त्या घराशी बोलणे सुरू व्हायला तीन वर्षे लागली.

गृहिणी, आर्वी तालुका

माझ्या सासूबाई १९६२ साली नव्या नवरी होत्या. अष्टग्रहीच्या त्या दिवसांतच अमावास्या होती, मंदिरात तीन दिवस अखंड भजन चालले होते आणि घरातली पुरुषमंडळी तिकडेच होती. पूजेखेरीज काही करू नये असे सांगितलेले असतानाही त्यांच्या सासूने पुरण घातले. पोळी तुपात बुडेल इतके तूप त्या घरात पहिल्यांदाच वाढले गेले. सासूबाईंना त्या दिवसाची भीती आठवत नाही, तूप आठवते.

कास्तकार, वाशीम जिल्हा

२०१२ला आमच्याकडे कोणी घाबरले नव्हते, पण कापूस वेचणाऱ्या बायांनी ऐन वेचणीत अडवले. शुक्रवारी जग बुडणार असेल तर मजुरी गुरुवारीच मिळाली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. मी दिली. शनिवारी निम्म्याच बाया आल्या.

अंगणवाडी सेविका, यवतमाळ जिल्हा

स्कायलॅबच्या वेळी मी सात वर्षांची होते. वडिलांनी दुकानदाराची उधारी फेडायची नाही असे ठरवले आणि दुबार पेरणीसाठी राखलेली ज्वारीसुद्धा दळून आणायला सांगितली, कारण शेवटच्या रात्री लेकरांनी पोटभर जेवावे अशी त्यांची इच्छा होती. आईने पीठ आणले, भाकरी थापल्या, आम्ही खरोखर पोटभर जेवलो. पुढच्या आठवड्यात पेरणीचा प्रश्न निघाला, तेव्हा तिने चुलीमागच्या मडक्यातून चार पायल्या ज्वारी काढून दिली. तीही त्या रात्री रडली होती, तिचाही विश्वास बसलेला होता. म्हणून मोठेपणी मी तिला विचारले की, सगळेच संपणार होते तर ते बियाणे लपवले कोणापासून?

‘तुया बापापासून,’ ती म्हणाली.