मृग नक्षत्र, मृग तारकासमूह की नुसतेच मृग?

गच्चीवाला
दहिसरच्या आमच्या सोसायटीत येत्या शनिवारी मुलांसाठी आकाशदर्शन ठेवले आहे आणि त्याचे दोन पानी माहितीपत्रक इंग्रजीवरून मराठीत करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. ओरायनच्या चित्राखाली मी सहज ‘मृग नक्षत्र’ असे लिहिले आणि मसुदा सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी लगेच विचारले, “मृग नक्षत्र जूनच्या सात-आठ तारखेला लागते, ते तुम्ही जानेवारीत कुठून दाखवणार?” मी ‘नक्षत्र’ खोडून ‘तारकासमूह’ केले, तर त्यांच्याच सूनबाई म्हणाल्या की हा शब्द मुलांच्या तोंडी बसणार नाही. पत्रकात तो चौदा ठिकाणी आहे. ‘राशी’ म्हणावे तर राशी बाराच, आणि मला तर आकाशाच्या नकाशातल्या सगळ्या ८८ आकृत्यांना लागू पडेल असा एक शब्द हवा आहे. आपण काय वापरता?

पंचांगवाचक
आजींचे चुकलेले नाही आणि तुमचेही चुकलेले नाही. ‘नक्षत्र’ या शब्दाच्या पोटात निदान तीन अर्थ नांदतात आणि वाद तिथूनच सुरू होतो. क्रांतिवृत्ताचे, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक वाटेचे, २७ समान भाग केले की प्रत्येक भाग १३ अंश २० कलांचा होतो, तो भाग म्हणजे नक्षत्र. त्या भागाला ज्याच्यावरून नाव पडले तो तारा किंवा ताऱ्यांचा पुंजका, हेही नक्षत्रच. शिवाय बोलण्यात कोणत्याही ठळक ताऱ्याला आपण नक्षत्र म्हणतो, आणि कौतुकाने मुलीलाही.

पंचांगात रोज लिहिलेले असते ते चंद्राचे नक्षत्र होय. चंद्र सुमारे २७.३ दिवसांत आकाशाची फेरी पुरी करतो, म्हणून दिवसाला साधारण एक नक्षत्र पडते. शेतकऱ्याचे नक्षत्र मात्र सूर्याचे असते आणि ते तेरा-चौदा दिवस चालते. जूनमध्ये ‘मृग लागला’ याचा अर्थ सूर्य त्या भागात शिरला, आणि सूर्य जिथे असेल तिथले तारे त्याच्याबरोबरच उगवतात व मावळतात. म्हणजे मृग लागतो तेव्हा मृग दिसतच नाही. याउलट मार्गशीर्षाच्या पौर्णिमेला चंद्र मृगाजवळ आणि सूर्य त्याच्या समोरच्या बाजूला असतो, त्यामुळे मृग रात्रभर आकाशात राहतो. त्या महिन्याचे नावच त्यावरून पडले आहे. आजींना एवढे सांगितलेत तर त्या गच्चीवर सर्वांत आधी येतील.

संस्कृतानुरागी
अर्थ शोधायचा तर व्युत्पत्तीकडे जावे. ‘न क्षरति’, म्हणजे जे झरत नाही, झिजत नाही, ते नक्षत्र. ग्रह फिरतात आणि नक्षत्रे आपापल्या जागी राहतात, हा भेद आपल्या पूर्वजांनी शब्दातच गोवून ठेवला आहे. असा शब्द टाकून ‘तारकासमूह’सारखा कार्यालयीन शब्द का स्वीकारावा, हे मला समजत नाही.

गिरगावकर
ही व्युत्पत्ती शाळेत आम्हीही घोकली होती, पण प्राचीन व्युत्पत्तिकार यास्काने आपल्या निरुक्त या ग्रंथात ‘नक्ष्’ या गतिवाचक धातूवरून नक्षत्र शब्द साधला आहे. म्हणजे तुमच्या मते जे हलत नाही ते नक्षत्र आणि यास्काच्या मते जे जाते ते नक्षत्र. दोन्ही एकदम खरे मानायचे असेल तर माझी हरकत नाही. व्युत्पत्तीवरून आजचा अर्थ ठरवायला निघाले की अशी फजिती होते. ‘ऋक्ष’ या शब्दाचे पाहा. त्याचा अर्थ अस्वलही होतो आणि ताराही होतो, आणि सप्तर्षींना पूर्वी ऋक्ष म्हणत असत असे शतपथ ब्राह्मणात सांगितले आहे. ग्रीकांनीही त्याच भागात अस्वल पाहिले. म्हणून दहिसरच्या मुलांना शनिवारी अस्वल शोधायला लावावे काय? (खरे तर लावायला हरकत नाही, राष्ट्रीय उद्यान शेजारीच आहे.)

वांगणीचा वारकरी
मी गेली काही वर्षे अमावास्येच्या जवळच्या शनिवारी शेवटच्या कर्जत लोकलने आकाशदर्शनासाठी वांगणीला जातो. तिथे दुर्बिणीपाशी उभे राहून ‘तारकासमूह’ असा शब्द कोणी उच्चारलेला मला आठवत नाही. ‘मृग वर आला’, ‘वृश्चिकाची नांगी डोंगरामागे आहे’, असे नुसत्या नावाने बोलणे होते. माझ्या मते चौदापैकी बारा ठिकाणी शब्द गाळला तरी काही बिघडणार नाही.

एक खटकणारी गोष्ट मात्र सांगतो. ‘मृग नक्षत्र’ असे लिहून आपण जे चित्र छापतो ते त्या नक्षत्राच्या मानाने फार मोठे असते. मृगशीर्ष म्हणजे डोक्याकडचे तीन मंद तारे. दहिसरच्या दिव्यांतून ते दिसले तर मलाही कळवा. त्याच चित्रातला तांबूस काक्षी अनेक जण पुढच्या, म्हणजे आर्द्रा नक्षत्राचा तारा मानतात. त्यामुळे आजींची शंका मिटली तरी आर्द्रेची शंका उरतेच.

भांडुपची शिक्षिका
मला ‘समूह’ या शब्दावरच आक्षेप घ्यायचा आहे. समूह म्हटले की मुलांना वाटते, हे तारे एकमेकांजवळ बसले आहेत. मृगाच्याच खांद्यावरचा बेलॅट्रिक्स सुमारे २५० प्रकाशवर्षांवर आहे आणि पायाचा राजन्य सुमारे ८६० प्रकाशवर्षांवर. दोघांचा काही संबंध नाही, केवळ आपल्या डोळ्यांना ते एका चौकटीत दिसतात. खरा समूह पाहायचा असेल तर कृत्तिका पाहावी, तिथले तारे एकत्र जन्मलेले आहेत. शिवाय आंतरराष्ट्रीय खगोलीय संघाने १९२२ साली ८८ नावे ठरवली आणि १९३० साली त्यांच्या सीमारेषा प्रसिद्ध झाल्या. तेव्हापासून हा शब्द ताऱ्यांच्या टोळक्यासाठी उरलेला नसून आकाशाच्या तुकड्यासाठी वापरला जातो. मी सातवीच्या वर्गात ‘आकाशाचे तालुके’ म्हणते आणि मुलांना ते एका वाक्यात कळते.

संस्कृतानुरागी
तालुके! उद्या तलाठीही नेमाल.

भांडुपची शिक्षिका
नेमला तर बरेच होईल. सध्या मुले हिंदी वाहिन्या पाहून येतात आणि प्रत्येक दीर्घिकेला (इंग्रजीत गॅलेक्सी) आकाशगंगा म्हणतात. आकाशगंगा ही आपली एकच, बाकी साऱ्या दीर्घिका, इतका नेमका भेद मराठीने सांभाळला आहे आणि आपण तो हातचा घालवत आहोत. मी शुद्धीवादी नाही, पण ‘देवयानी आकाशगंगा’ असे ऐकले की खडू हातातून पडतो.

गिरगावकर
दीर्घिका म्हणजे मुळात लांबट विहीर किंवा तळे. तो शब्द ज्याने आकाशात चढवला त्याने रूढीचाच आधार घेतला ना? मग ‘नक्षत्र’ हा शब्द लोक ८८ आकृत्यांसाठी वापरू लागले तर तुमचा खडू का पडावा?

कोकणातली लेक
आपण सगळे छापील शब्दांभोवती फिरत आहोत, म्हणून घरातले दोन शब्द पुढे ठेवते. माझे आजोबा मृगाच्या पट्ट्यातल्या तीन ताऱ्यांना ‘तिकांडे’ म्हणत. पहाटे उठल्यावर अंगणातून तिकांडे कुठे आले ते पाहून ते किती वाजले असतील याचा अंदाज बांधत आणि मग घड्याळाकडे पाहून स्वतःवरच खूश होत. सप्तर्षीच्या चार ताऱ्यांना आजी म्हातारीची बाज म्हणत असे आणि उरलेले तीन तारे म्हणजे ती बाज चोरायला आलेले तीन चोर. तिच्या तोंडी नक्षत्रे फक्त पावसाची असत: पुनर्वसूचा तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा पाऊस. आकाशात दिसते ते ‘चांदणे’, पंचांगात असते ते ‘नक्षत्र’, अशी तिची सरळ वाटणी होती. गच्चीवाल्यांच्या आजी त्याच वाटणीने बोलत असाव्यात.

गिरगावकर
‘तिकांडे’ वाचून फार बरे वाटले. ऐतरेय ब्राह्मणात मृग, मृगव्याध आणि रोहिणी यांच्याबरोबर ‘इषुस्त्रिकाण्डा’, म्हणजे तीन कांडांचा बाण आलेला आहे. तुमच्या आजोबांचा शब्द सरळ तिथून आला असावा, असे मला तरी वाटते.

संस्कृतानुरागी
व्युत्पत्तीवरून फजिती होते ना?

गिरगावकर
माझ्या आवडीची व्युत्पत्ती असली की होत नाही.

पंचांगवाचक
थोडे विषयांतर होईल, पण पावसाच्या नक्षत्रांचा उल्लेख निघालाच आहे. संपातबिंदू, म्हणजे दिवस-रात्र समान असताना सूर्य असतो ती जागा, ताऱ्यांमध्ये मागे सरकत असल्यामुळे सूर्य एखाद्या नक्षत्रात शिरण्याची तारीख ऋतूंच्या मानाने साधारण ७२ वर्षांत एका दिवसाने पुढे जाते. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी सूर्याचा मृगप्रवेश आणि पाऊस यांचे आजचे गणित जुळत नव्हते. तेव्हा सूर्य मृगात तीन आठवडे आधीच शिरत असे. ‘मृगाचा पाऊस’ हा शब्दप्रयोग किती जुना आहे, हे कोणी शोधून काढील काय? माझ्या दृष्टीने मूळ प्रश्नापेक्षा हा प्रश्न अधिक मोलाचा आहे.

गच्चीवाला
सर्वांचे आभार. मूळ प्रश्न कुठे गेला ते मी विचारणार नाही, कारण उद्या सकाळी पत्रक झेरॉक्सला द्यायचे आहे. ८८चे वाक्य ‘तारकासमूह’ घालूनच ठेवले आहे, भांडुपच्या बाईंनी क्षमा करावी. बाकी ठिकाणी नुसती नावे लिहिली आणि पट्ट्याच्या तीन ताऱ्यांखाली ‘तिकांडे’ असे लिहिले. आजींना मृग लागण्याचा उलगडा केला. तो त्यांना पटला आणि त्यांनी लगेच पुढच्या ओळीवर बोट ठेवले. ‘मुंबईचे अक्षांश १९ असल्यामुळे अढळ ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारे १९ अंशांवर दिसतो’ असे मी लिहिले होते. समोर चौदा मजली इमारत उभी राहिल्यापासून ध्रुव दिसत नाही, तेव्हा त्याला अढळ कशाच्या आधारावर म्हणायचे, असे त्या विचारतात.

वांगणीचा वारकरी
इमारत नसती तरी ‘अढळ’ हा शब्द तपासावा लागला असता. तो तारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा अधिक दूर आहे आणि त्या बिंदूभोवती रोज एक लहान फेरी मारतो.

संस्कृतानुरागी
‘अढळ’ हा शब्द मी बदलू देणार नाही.