स्क्रबमधल्या प्लास्टिकच्या दाण्यांऐवजी काय घालू?

रानजाई:
नमस्कार, आम्ही चौघी मिळून घरी साबण आणि फेस स्क्रब करून विकतो. स्क्रबमध्ये दुकानातून आणलेले निळे बारीक दाणे घालायचो, परवा पाकिटावर नीट वाचलं तर पॉलिइथिलिन! म्हणजे प्लास्टिकच, आणि आम्ही बायकांना नैसर्गिक म्हणून देत होतो, फार वाईट वाटलं. आता दुकानदार म्हणतोय पीएलएचे घ्या, मक्यापासून करतात, कुजून जातात. खरंय का हे?

तळ्याकाठी:
ताई, मक्याचं खरंय, कुजण्याचं अर्धंच खरं. पीएलए हे पण एक प्लास्टिकच, ते नीट कुजायला ५८-६० अंश उष्णता लागते, ती मोठ्या कंपोस्ट प्लांटमध्ये मिळते. तुमचा स्क्रब तर मोरीतून गटारात आणि तिथून नदीत जाणार, त्या गार पाण्यात तो दाणा वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो. म्हणून नुसतं बायोडिग्रेडेबल ऐकून घेऊ नका, कुठे कुजतं ते विचारा. अमेरिकेत इलिनॉय राज्याने २०१४ ला बंदी आणली ती फक्त न कुजणाऱ्या दाण्यांवर, मग असल्या प्लास्टिकला वाट मोकळी राहिली. २०१५ च्या देशपातळीवरच्या कायद्यात ती पळवाट नाही, धुऊन टाकायच्या वस्तूंमध्ये घासण्यासाठी घातलेला ५ मिमीपेक्षा लहान प्लास्टिकचा कुठलाही दाणा बंद. आपल्याकडे बीआयएसने (भारतीय मानक ब्युरो) २०१७ ला असुरक्षित ठरवले ते पण न कुजणारेच.

मसूरडाळ:
मी आठ वर्षं उटणं करतेय. मसूर कोरडी भाजून जाडसर दळायची, रव्याच्या चाळणीने चाळायची, त्यात संत्र्याच्या वाळलेल्या सालीची पूड आणि थोडी आंबेहळद. पण हे कोरडंच विका हं, पाणी असलेल्या क्रीममध्ये डाळीचं पीठ घातलं की बुरशी येते, माझी एक अख्खी बॅच फेकावी लागली होती. अक्रोडाच्या कवचाची पूड चेहऱ्यासाठी नको, कडा टोकदार असतात, टाचांना चालेल.

रानजाई:
पण आमच्या गिऱ्हाइकांना ट्यूबमधलंच हवं असतं, कोरडं घेत नाहीत हो 😔

तळ्याकाठी:
मग जोजोबाचे मणी बघा, लेबलवर हायड्रोजनेटेड जोजोबा ऑइल असतं. ते मेणच आहे, गोल असल्याने त्वचेला ओरखडे येत नाहीत. ७० अंशाच्या आसपास वितळतात म्हणून क्रीम ४० च्या खाली आल्यावर शेवटी घाला आणि हलक्या हाताने ढवळा. महाग पडतात हे मात्र खरं. सेल्युलोजचे पण येतात, इंग्लंडमधल्या बाथ युनिव्हर्सिटीने २०१७ ला तसे करून दाखवले होते. साखर घ्यायची तर तेलातला स्क्रब करा, पाण्यात विरघळून जाईल.

रानजाई:
जोजोबाचे १०० ग्रॅम मागवते आणि एक छोटी बॅच करून बघते. उरलेले निळे दाणे डब्यात बंद करून ठेवलेत, मोरीत नाही ओतणार.