शब्दचर्चा : नोकरी लागणे, टिकणे, टिकवणे

एका माहितीपत्रकाचं मराठी करते आहे. स्किझोफ्रेनिया, बायपोलर असे तीव्र मानसिक आजार असलेल्यांना नोकरी शोधायला आणि ती चालू ठेवायला मदत करतात, त्या कामाविषयीचं. मूळ संज्ञा ‘सपोर्टेड एम्प्लॉयमेंट’. एकांनी ‘आधारित रोजगार’ सुचवलं, पण आधारित म्हणजे कशावर तरी बेतलेला, अर्थच फिरला. ‘पुनर्वसन’ मला नको. ते धरणग्रस्तांचं होतं, गाव उठवून दुसरीकडे बसवतात त्याचं. माझा भाऊ कुठून उठलेला नाही. घरातच आहे, आणि त्याला काम हवं आहे. शब्द सुचवाल का?

---

ताई, संज्ञेच्या आधी क्रियापदं बघू. मराठीत नोकरी ‘लागते’. त्याला नोकरी लागली. तशीच भूक लागली, ठेच लागली, वेड लागलं. ज्याला लागतं तो ‘ला’ प्रत्यय घेऊन बाजूला उभा, करणारा कोणीच नाही. मग नोकरी ‘टिकते’, म्हणजे तीही आपली आपण, लोणचं टिकतं तशी. ‘टिकवणे’ म्हटलं की कर्ता येतो खरा, पण एकटाच येतो आणि सगळा भार त्याच्यावर पडतो. ‘त्याला नोकरी टिकवता येत नाही’ हे वाक्य मी कितीतरी घरांत ऐकलं आहे, आणि दर वेळी ते ऐकणारा मान खाली घालून बसलेला असतो.

‘साहाय्यित’ लिहिणार असाल तर ‘सहाय्यित’ नको. मूळ शब्द ‘सहाय’, म्हणजे बरोबर जाणारा, सोबती. त्याचं काम ते ‘साहाय्य’. तुम्हाला हवा असलेला अर्थ या मूळ शब्दातच आहे, पण ‘साहाय्यित’मध्ये तो आज कोणाला ऐकू येणार? मी ‘सोबतीचा रोजगार’ म्हणेन.

---

मी हेच काम करते, म्हणून लिहिते. ‘सोबत’ शब्द अगदी बरोबर बसतो. पूर्वीची रीत अशी, की आधी कार्यशाळेत कागदी पिशव्या, पणत्या, मेणबत्त्या करा आणि ‘तयार’ झालात की नोकरी बघू. ती तयारी कित्येकांची कधी संपतच नसे. 1990च्या सुमाराला अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी ही रीत उलटी केली. माणसाला काम करायचं आहे ना, एवढंच विचारायचं. मग त्याच्या आवडीची, नेहमीच्या पगाराची, चारचौघांसारखी नोकरी लवकर शोधायची, शिकणं कामावरच. आणि नोकरी लागली म्हणून सोबत थांबवायची नाही.

थांबवायची नाही म्हणजे काय, ते सांगते. बाइंडिंगच्या कारखान्यातला एक मुलगा. रात्रीच्या गोळ्यांची सुस्ती सकाळी उतरायची नाही, तो आठला पोहोचून फर्म्यांच्या ढिगावर पेंगायचा. त्यात हात थरथरायचे. शेजारचा म्हणाला, पिऊन येतो. मी मुलाला विचारलं, मालकांशी काय आणि किती बोलू? त्याने सांगितलं तेवढंच बोलले. वेळ साडेदहा ते साडेसहा झाली, चहा अर्धा कप भरून मिळू लागला. एवढंच. दोन वर्षं झाली, अजून तिथेच आहे.

मालक मात्र ‘त्याला सवलत दिलीय’ म्हणतात, आणि हा शब्द मला टोचतो. सवलत देणाऱ्याच्या मर्जीवर असते. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार आहे आणि कामाच्या जागी वाजवी बदल करून मिळणं हे त्यात हक्काच्या बाजूला बसतं. माहितीपत्रकात कृपा करून ‘सोय’ लिहा. सरकारी नोकरीतल्या 4 टक्के आरक्षणात मानसिक आजार 2016मध्येच आला. 1995च्या कायद्याने तो दिव्यांगत्व म्हणून मानला होता, पण आरक्षणातून वगळला होता. हेही घाला, घरच्यांना ठाऊक नसतं.

आणखी एक. आपल्याकडच्या स्वमदत गटांत ‘शुभार्थी’ आणि ‘शुभंकर’ हे शब्द रुळले आहेत, आजार असलेल्यासाठी आणि त्याला सांभाळणाऱ्यासाठी. पार्किन्सन्सच्या मंडळींनीही ते घेतले. गटात छान वाटतात, पण कारखान्यात त्याला शुभार्थी म्हणू नका. तिथे तो बाइंडर आहे.

---

दोघांचेही मनापासून आभार. मथळा ‘सोबतीने नोकरी’ केला आणि ‘सवलत’ सगळीकडून काढून ‘सोय’ घातलं. ‘रोजगार’ भावानेच खोडला. म्हणाला, रोजगार बातम्यांत असतो, मला नोकरी हवी आहे. आता ‘टिकवणे’ असलेली दोन वाक्यं उरली आहेत. त्यात कर्ता म्हणून ‘आपण’ लिहिलं तर चालेल का?