खानापूरच्या खाली काय बघितलंत? अनुभव सांगा

सुट्टी पडली की आपण बेळगावकर एकतर आंबोली नाहीतर गोवा. गोव्याला चोर्ला घाटातून जाताना जांबोटी, कणकुंबी किती वेळा ओलांडली असेल, पण गाडीतून उतरलंय कोण? जे उतरलेत त्यांनी लिहा. रील नको, बघितलेलं सांगा.

टिळकवाडीहून
मीच उतरलो एकदा, तेपण मुलाला गाडी लागली म्हणून. कणकुंबीत माउलीच्या देवळाजवळ तोंड धुवायला पाणी घेतलं तर एक आजोबा म्हणाले, मलप्रभा हितनंच निघते. म्हणजे जी पुढं सौंदत्तीला धरणात साठते आणि कूडलसंगमला कृष्णेला मिळते ती! आणि तिथनं थोडक्या अंतरावर देगावच्या रानात म्हादई निघते, ती उलटी पश्चिमेला, गोव्यात मांडवी होऊन समुद्रात. एकाच खानापूर तालुक्यातला पाऊस, अर्धा बंगालच्या उपसागरात आणि अर्धा अरबी समुद्रात. चाळीस वर्षं बेळगावात राहून मला हे माहीत नव्हतं.

शहापूरहून
देगाववरनं आठवलं. आम्हाला कमल नारायणाचं देऊळ बघायचं होतं, कदंब राजघराण्याच्या राणी कमलादेवीनं १२व्या शतकात बांधवलेलं. फोनच्या नकाशात देगाव घातलं आणि निघालो, दोन तास झाले तरी नुसतं जंगल, शेवटी एका गवळ्यानं विचारलं "कुठं चाललाय?" देऊळ म्हटल्यावर हसायलाच लागला. देवळाचं देगाव कित्तूरजवळचं, आम्ही म्हादईच्या देगावच्या वाटेला! बायको आठवडाभर बोलली नाही. पुढच्या रविवारी नीट गेलो. एका रांगेत तीन गाभारे, आणि काळ्या दगडावरची नक्षी इतकी बारीक की बोट फिरवत बसावं.

खानापूर तालुक्यातून, गावाचं नाव नको
तुम्ही बघायला येता, आम्ही तिथंच राहतो. २०११ साली भीमगड अभयारण्य झालं, १९० चौरस किलोमीटर. गवे रात्री भातात उतरतात, अस्वल फणसाला येतं, हे आम्हाला नवीन नाही. पावसाळ्यात ओढा चढला की आजारी माणसाला खाटेवर घालून चौघांनी न्यायचं, माझ्या आजीला तसंच नेलं होतं, पाणी कमरेपर्यंत आणि ती खाटेवरनं आम्हालाच ओरडत होती, "पाय बघून टाका रे!" वाचली ती. रस्ता मागितला की जंगल आडवं येतं, उठून जा म्हटलं की देव आणि जमीन आडवी येते. भीमगड किल्ल्यावर जाऊन शिवाजी महाराजांची घोषणा देताय ना, द्या, पण बाटल्या परत न्या.

वडगावहून
वटवाघळासाठी कुणी जंगलात जातं का? मी गेलोय, वनखात्याची परवानगी काढून, आणि गुहेच्या तोंडापर्यंतच. भीमगडच्या रानातल्या बारापेडे गुहेत रॉटनचं वटवाघूळ राहतं, १९१३ मध्ये त्याची नोंद झाली आणि कित्येक वर्षं जगात फक्त तिथंच आहे असं मानायचे, नंतर मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. संध्याकाळी आधी वास आला, मग पंखांचा सरसर आवाज. कान मोठाले, पुढं आलेले, जणू टोपी डोळ्यांवर ओढलीय. दिसलं किती, तर अर्धा मिनिट. आत शिरू नका, टॉर्च मारू नका, बिचकतात ती.

निपाणीहून
मी फक्त हलशीला गेलेय. बनवासीच्या कदंबांची ही दुसरी राजधानी, तेव्हाचं नाव पलाशिका. भूवराह नरसिंहाच्या देवळात दोन गाभारे समोरासमोर, मधे उभं राहिलं की कुणाकडं पाठ करायची तेच कळेना. पुजारीकाकांना विचारलं तर म्हणाले, "तिरकं उभं रहा की!"