चौकशीत समोरच्याचा चेहरा वाचता येतो का?

प्रश्न: पतसंस्थेतली अंतर्गत चौकशी पहिल्यांदाच माझ्याकडे आलीय. कॅशमध्ये ४०,००० रुपये कमी. काल कॅशियरबाईंशी बोललो. प्रश्न विचारला की नजर टेबलावर, पदराचं टोक बोटाला गुंडाळणं सुरू. मी मनात त्यांनाच दोषी धरून मोकळा झालो. रात्रभर झोप नाही. चुकतोय का मी?

प्रतिसाद १: थांबा! मी बावीस वर्षं दक्षता विभागात काढली. नोकरी जायच्या भीतीनं खरं बोलणाराही घामाघूम होतो. २००६ साली बाँड आणि डीपाउलो या मानसशास्त्रज्ञांनी अनेक प्रयोगांचे निकाल एकत्र केले, तर माणसं खरं-खोटं बरोबर ओळखतात सरासरी ५४ टक्के वेळा. म्हणजे छापा-काटाच जवळपास. मी एका शिपायाला थरथरत्या हातांवरून दोषी धरलं होतं. तो आजारी मुलाला दवाखान्यात ठेवून आला होता. आजही सलतं.

चहा मागवा. काउंटर उघडल्यापासूनचा दिवस त्यांनाच सांगू द्या, मध्ये बोलू नका. व्हाउचर आणि सीसीटीव्ही नंतर ताडून बघा.

प्रतिसाद २: आधी साध्या गप्पांत त्या कशा बसतात तेही पाहा. आणि कुणी लाय डिटेक्टर सुचवला तर लक्षात ठेवा, संमतीशिवाय ती चाचणी करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच सांगितलंय.

प्रश्नकर्ता: आज तसंच केलं. जेवणाच्या सुट्टीत ड्रॉवरची किल्ली दुसऱ्याकडे दिली होती, हे त्या आपणहून बोलल्या. काल मी ते विचारलंच नव्हतं. पदर आजही गुंडाळत होत्या, घरच्या विषयावर बोलतानासुद्धा.