सगळ्या सर्व्हरच्या चाव्या एकाच जुडग्यात?

सर्व्हरवाला:
आमचे ६० सर्व्हर. ४० चाकणच्या कारखान्यात रॅकवर, १० एडब्ल्यूएसवर (अ‍ॅमेझॉनचा क्लाउड), १० अ‍ॅझ्युरवर (मायक्रोसॉफ्टचा क्लाउड). पाडव्यापासून अ‍ॅझ्युरबाहेरच्या पन्नासांवर अ‍ॅझ्युर आर्कचा एजंट टाकलाय. आर्क म्हणजे बाहेरची मशीनही अ‍ॅझ्युरमधूनच सांभाळायची सोय, आणि एजंट म्हणजे त्यासाठी मशीनवर बसणारा छोटा प्रोग्राम. आधी कुठल्या मशीनवर कोणता पॅच (दुरुस्तीचा अपडेट) राहिला ते एका एक्सेलमध्ये असायचं, आणि ज्याची एक्सेल तो नेमका रजेवर. आता एकाच पडद्यावर दिसतं. एजंट दर ५ मिनिटांनी हजेरी लावतो, ४४३ पोर्टवरून फक्त बाहेर जातो. आत येणारं एकही पोर्ट उघडलेलं नाही. तीन ठिकाणी तीन टूल्स सांभाळायचे दिवस गेले, असं माझं स्पष्ट मत.

जुना_अ‍ॅडमिन:
पोर्ट आत नाही, पण हुकूम आतच येतो ना राव? अ‍ॅझ्युरमधून पाठवलेली स्क्रिप्ट मशीनवर चालवणारी एजंटची जोडणी, म्हणजे कस्टम स्क्रिप्ट एक्स्टेन्शन, लिनक्सवर रूट म्हणून, पूर्ण अधिकारानं चालतं. म्हणजे अ‍ॅझ्युरमधला तेवढा रोल (परवानगी) ज्याच्या हाती लागला, चाकणची मशीन त्याची. फायरवॉल बसेल बघत. आणि २९ ऑक्टोबर २०२५ विसरलास? दिवाळीचे कंदील उतरले नव्हते, तोच फ्रंट डोअरचं, म्हणजे अ‍ॅझ्युरच्या वेब-रहदारी वाटणाऱ्या सेवेचं, कॉन्फिगरेशन गंडलं आणि लोकांना अ‍ॅझ्युर चालवायचं पोर्टलच उघडेना.

सर्व्हरवाला:
पोर्टल पडलं म्हणून रॅकवरचे सर्व्हर बंद पडत नाहीत. रूटचं म्हणशील, तर कोणती एक्स्टेन्शन्स चालवायची ती यादी एजंटमध्येच ठरवता येते. ती मशीनवरूनच बदलते, क्लाउडमधून नाही.

पॅचकरीण:
पैशांचं कुणीच बोलत नाही. आर्कमध्ये मशीनची नुसती यादी दिसणं फुकट. पॅच लावणारा अपडेट मॅनेजर मात्र अ‍ॅझ्युरबाहेरच्या मशीनला महिन्याला साधारण ५ डॉलर. ५० मशीनचे २५० झाले, साहेबांना सांगितलेत का? तरी मी आर्क घेतला, कारण आमच्याकडे विंडोज २०१२ चे सर्व्हर अजून आहेत. त्यांचा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला, वाढीव सिक्युरिटी अपडेट्स आर्कवरून महिन्याच्या हिशेबाने मिळतात. तेही ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. उशिरा नाव नोंदवलं तर मागचे महिनेही बिलात येतात, हे मला बिल हातात आल्यावर कळलं.

जुना_अ‍ॅडमिन:
@पॅचकरीण, तुमची अडचण खरी, पण ती जुन्या विंडोजची. लिनक्सवाल्यांनी अँसिबल (अनेक मशीन एकदम सांभाळायचं फुकट टूल) सोडून भाडं का भरावं?
@सर्व्हरवाला, ती एक्स्टेन्शन्सची यादी पन्नासही मशीनवर लावलीस का?

सर्व्हरवाला:
२२ वर. उरलेल्या या शनिवारी.

जुना_अ‍ॅडमिन:
पाडव्यापासून?